आईला घेऊन सांचीला जातेय. स्तूपात काय आणि कसं बघायचं?

संत्रानगरी:

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आईला सांचीला न्यायचं ठरतंय. आम्ही नागपूरचे. दीक्षाभूमी म्हणजे आमच्यासाठी घरचीच जागा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तर जातोच, एरवीही संध्याकाळी जाऊन बसतो. तिथला स्तूप सांचीवरून घेतलाय असं बाबा सांगायचे. तेव्हापासून आईच्या मनात आहे की मूळचा बघायचा. बाबा आता नाहीत, आणि आईचे गुडघे वरचेवर कुरकुर करतात, म्हणून हे आणखी लांबवायचं नाहीये.

आई धरून चाललीय की दीक्षाभूमीसारखं आत जाऊन शांत बसता येईल. खरंच आत जाता येतं का? दुसरं, "अशोकाने बांधला" एवढंच सगळीकडे वाचायला मिळतं, पण फोटोत दिसतं ते सगळं अशोकाच्याच काळातलं आहे का? माझी एक मैत्रीण जाऊन आली, ती म्हणते अर्ध्या तासात बघून होतं. मला ते पटत नाही. आईला तिथे उभं करून मला चार गोष्टी नीट सांगता यायला हव्यात. जाणकारांनी सांगावं.

वाट_वाकडी:

भोपाळहून साधारण 50 किमी, गाडी करून जा. स्तूप टेकडीवर असला तरी गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे आईंना चढावं लागणार नाही. वर चालणं बरंच आहे, पण सपाटीवर. विदिशा तिथून जेमतेम 10 किमी. पायथ्याशी पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, ते शुक्रवारी बंद असतं, तेवढा वार टाळा. सकाळी लवकर पोचलात तर कोवळ्या उन्हात कोरीव काम फार छान उठून दिसतं. बाकी 200 रुपयांच्या नोटेच्या मागे सांचीच आहे, आईंना आधी तीच दाखवा.

रंधा:

संत्रानगरी ताई, तुमच्या मैत्रिणीचं अर्ध्या तासाचं गणित सोडून द्या. मी पेशाने सुतार. कराडजवळ आमचं लाकूडकामाचं दुकान आहे, आजोबांपासून चालत आलेलं. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. पण सांचीचा स्तूप सुताराने जरूर बघावा आणि त्याने जे बघितलं ते बाकीच्यांना सांगावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमचा पहिला प्रश्न. आत जाता येत नाही. आईंना हे निघण्यापूर्वीच सांगा, म्हणजे तिथे हिरमोड होणार नाही. दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे, वास्तुविशारद शिव दान मल यांनी आत सभागृह ठेवून तो रचला. सांचीचा आरपार भरीव आहे, विटा आणि दगड. स्तूपात शिरायचं नसतं, त्याच्याभोवती फिरायचं असतं. त्यासाठी दोन वाटा आहेत. एक जमिनीवर, बाहेरच्या कठड्याच्या आतून. दुसरी वर, घुमटाच्या पायाशी जो उंच चौथरा आहे त्यावरून. त्या चौथऱ्याला मेधी म्हणतात आणि तिथे चढायला दक्षिणेकडून दोन बाजूंनी जिने आहेत. मेधीवर अर्धगोल घुमट, म्हणजे अंड. घुमटाचा माथा सपाट आहे, त्यावर चौकोनी कठडा, ती हर्मिका. हर्मिकेच्या मधून दांडा वर निघतो आणि त्यावर एकावर एक तीन दगडी छत्रं.

आता अशोकाचं. अशोकाचा स्तूप आहे, पण तो तुम्हाला दिसणार नाही, तो आत आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्याने विटांचा स्तूप उभारला, आजच्या मानाने व्यासाला जवळजवळ निम्मा. पुढच्या शतकात, शुंगांच्या काळात, त्याच्यावर चहूबाजूंनी दगडी कवच चढवलं. त्याने व्यास 36.6 मीटर आणि उंची साधारण 16.5 मीटर झाली. मेधी, जिने, जमिनीवरचा कठडा, छत्रं हे तेव्हाचं. चार तोरणं, म्हणजे चार दिशांची कोरीव दगडी प्रवेशद्वारं, त्याच्याही नंतरची, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातली. आणि तोरणातून आत गेल्यावर समोर भिंतीला टेकून ज्या बुद्धमूर्ती बसलेल्या दिसतात, त्या गुप्तकाळातल्या, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकातल्या. म्हणजे एका जागी उभं राहून मान वळवली की सहा-सातशे वर्षं नजरेखालून जातात. अशोकाचं उघड्यावर बघायचं असेल तर दक्षिण तोरणाशेजारी त्याच्या स्तंभाचा बुंधा आहे. त्यावर संघात फूट पाडणाऱ्या भिक्षू-भिक्षुणींना पांढरी वस्त्रं घालून बाहेर काढावं अशी आज्ञा कोरलेली आहे. हा दगड चुनारचा, त्याची झिलई हात फिरवल्यासारखी गुळगुळीत. स्तंभाचे तुकडे झाले ते एका स्थानिक जमीनदारामुळे, त्याला उसाच्या चरकासाठी दगड हवा होता. स्तंभाचं सिंहशीर्ष खाली संग्रहालयात आहे, ते चुकवू नका.

सगळे तोरणांकडे धावतात. तुम्ही आधी कठड्याशी थांबा, वेदिका म्हणतात तिला. कोरीव काम जवळपास नाहीच. माणसापेक्षा उंच, जाडजूड, साधी. पण आईंना एका खांबाजवळ नेऊन सांधा दाखवा. अठपैलू खांब, दोन खांबांच्या मध्ये तीन आडवे दगड. या आडव्या दगडांना सूची म्हणतात. त्यांचा छेद मसुराच्या डाळीसारखा, मधे फुगीर आणि कडांना निमुळता. खांबाला दोन्ही अंगांनी तशाच आकाराच्या खाचा पाडल्यात आणि सूचीची टोकं त्यात शिरलीत. खांबांच्या माथ्याला कुसू, म्हणजे खाचेत बसणाऱ्या खुंट्या, काढलेत, त्यावर वरची गोलसर दगडी पट्टी बसवलीय, तिला उष्णीष म्हणतात. चुना नाही, माती नाही.

हे काम दगडातलं नाही, लाकडातलं आहे. असा कठडा एका विशिष्ट क्रमानेच उभा राहतो. एक खांब रोवायचा, त्याच्या खाचांत तिन्ही सूची घालायच्या, मग पुढचा खांब आणून त्या सूचींच्या मोकळ्या टोकांवर चढवायचा. मधला एखादा खांब विसरला तर नंतर घालता येत नाही. आणि उष्णीषाचे दोन दगड जिथे भेटतात तिथे बारकाईने बघा. जोड सरळ काटकोनात नाही, तिरका कापलाय. लाकडाच्या दोन फळ्या लांबीत जोडताना आम्ही तिरका जोड देतो, कारण त्यात पकड जास्त मिळते. दगडाला त्याची काही गरज नाही. पण ज्यांनी हे घडवलं त्यांचे हात पिढ्यान् पिढ्या लाकडावर चाललेले होते, आणि हातांनी ओळखीचंच केलं. मी तिथे पहिल्यांदा तो जोड बघितला तेव्हा माझ्याच धंद्यातल्या माणसाने कापलाय याबद्दल मनात शंकाच उरली नाही.

तोरणांचंही तेच. दोन चौकोनी खांब, त्यांच्या डोक्यावर शीर्षं, आणि त्यावर तीन आडव्या तुळया, मधे जराशा वर वाकलेल्या. तुळयांची टोकं खांबांच्या बाहेर निघतात आणि तिथे गुंडाळलेल्या वेटोळ्याचा आकार येतो. सगळं मिळून उंची 10 मीटरच्या घरात. दगडाला अशी लांब आडवी तुळई आवडत नाही, मधे मोडते. लाकडाला चालते. तरीही उत्तर आणि पूर्व तोरणं दोन हजार वर्षं जागची हललेली नाहीत. दक्षिण आणि पश्चिम तोरणं पडली होती, ती 1880 नंतरच्या दुरुस्तीत परत उभी केली, आणि त्यात दक्षिण तोरणाच्या काही तुळया पुढच्या मागे अशा उलट्या बसल्या. तिथे चित्रांचा क्रम जुळेनासा वाटला तर कारण हे.

पूर्व तोरणावर आंब्याच्या झाडाला धरून ओठंगून उभी असलेली यक्षी सगळ्यांना ठाऊक असते. तिच्याकडे एकदा रचना म्हणून बघा. खांब आणि सर्वांत खालची तुळई यांच्या कोनात ती बसलीय, नेमकी तिथे जिथे लाकडी बांधकामात तिरका टेकू देतात. टेकूचीच बाई केलीय. याच तोरणाच्या दक्षिणेकडच्या खांबावर आतल्या बाजूला उरुवेलाच्या काश्यपांची, म्हणजे बुद्धाचे शिष्य झालेल्या अग्निपूजक तपस्व्यांची, गोष्ट आहे. यज्ञासाठी लाकडं फोडायला एकाने कुऱ्हाड उगारलीय आणि ती वरच अडकलीय. बुद्धाचा शब्द मिळेपर्यंत खाली येत नाही. कुऱ्हाड धरायची पद्धत, पायांतलं अंतर, खांद्याला बसलेला पीळ, सगळं बिनचूक. ज्याने हे कोरलं त्याने लाकूड फोडणारा माणूस रोज बघितलेला होता.

एक आपल्याकडचं. दक्षिण तोरणाच्या सर्वांत वरच्या तुळईवर मधोमध एक स्तूप कोरलाय आणि त्याच्या घुमटावर बारीक अक्षरांत लेख आहे: राजा सिरि सातकणि याच्या कारागिरांचा प्रमुख, वासिठीचा मुलगा आनंद, याचं हे दान. सातकर्णी म्हणजे सातवाहन, आपल्या नाणेघाटाचे आणि पैठणचे. नेमका कोणता सातकर्णी यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण राजाचं नाव काळ सांगायला आलंय आणि दान कारागिराचं आहे, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. त्याच तोरणाच्या खांबावर आणखी एक लेख आहे, विदिशाच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी हे काम केलं असा. तोरणांवरची नक्षी इतकी दाट आणि बारीक का, ते यावरून लगेच कळतं.

गुडघ्यांसाठी म्हणून सांगतो, उत्तर तोरणाला सगळ्यात जास्त वेळ द्या. ते सगळ्यात धड राहिलंय आणि येण्याचा रस्ताही त्याच अंगाला निघतो.

संत्रानगरी:

रंधा दादा, काय लिहिलंय तुम्ही! आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आत जाता येत नाही म्हटल्यावर क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "बरं झालं आधीच कळलं, आता फिरायचीच तयारी करते."

तिचे दोन प्रश्न आहेत. तोरणांवर बुद्धाच्या आयुष्यातले प्रसंग आहेत म्हणता, पण फोटोंत आम्हाला बुद्ध कुठेच सापडेना. आणि स्तूपात अस्थी कोणाच्या आहेत? तिला जिथे हात जोडायचे ते ठिकाण नक्की करायचंय.

पाली_प्रेमी:

अस्थींबद्दल मी सांगतो, कारण यात फार गल्लत होते.

सांचीचे तीन स्तूप लक्षात ठेवा. मोठा तो 1 क्रमांकाचा. त्याच्या ईशान्येला, अगदी जवळ, 3 क्रमांकाचा, एकच तोरण असलेला. आणि टेकडीच्या पश्चिम उतारावर खाली 2 क्रमांकाचा, त्याला तोरणच नाही पण कठड्यावरच्या गोलाकार पदकांतलं कोरीव काम फार जुनं आणि सुरेख आहे.

1851 मध्ये कनिंगहॅम आणि मेझी या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी हे तिन्ही खोदून बघितले. मोठ्या स्तूपात त्यांना अस्थी मिळाल्या नाहीत. 3 क्रमांकात दोन दगडी पेट्या निघाल्या, झाकणांवर नावं होती: सारिपुत्त आणि महामोग्गलान, भगवंतांचे दोन अग्रश्रावक, म्हणजे मुख्य शिष्य. सारिपुत्तांच्या पेटीत अस्थिकुपीबरोबर चंदनाचे दोन तुकडे होते. आतल्या छोट्या कुप्यांच्या झाकणांना आतून शाईने दोघांच्या नावांची आद्याक्षरं लिहिलेली होती. कुपी बंद करण्यापूर्वी कोणीतरी बोरूने लिहिलेलं ते अक्षर दोन हजार वर्षं अंधारात टिकलं. 2 क्रमांकात धम्मप्रसारक अशा दहा थेरांच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंच्या, अस्थी मिळाल्या.

अग्रश्रावकांच्या अस्थी पुढे लंडनच्या संग्रहालयात गेल्या. बौद्धांनी त्या परत मागितल्या, बरीच वर्षं पाठपुरावा केला. 1947 मध्ये त्या सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, पोचल्या, 1949 मध्ये भारतात आल्या आणि नोव्हेंबर 1952 मध्ये पंडित नेहरूंच्या उपस्थितीत सांचीच्याच टेकडीवर नव्या चेतियगिरी विहारात ठेवल्या. महाबोधी सोसायटीचं हे विहार. नोव्हेंबरच्या अखेरीला तिथे मोठा उत्सव असतो, तेव्हा अस्थी दर्शनाला बाहेर काढतात. आईंना दर्शनच हवं असेल तर डिसेंबरऐवजी तो शेवटचा रविवार साधता येतो का बघा. गर्दी असेल, पण ती आपल्याच माणसांची. आणि आईंना शांत बसायला जागा हवीय ना? विहारात जाऊन बसता येतं.

भगवान बुद्ध स्वतः सांचीला आल्याचा उल्लेख नाही. तरी ही टेकडी निवडली गेली. विदिशा मोठं व्यापारी शहर, दान देणारी माणसं जवळ आणि टेकडी गजबजाटापासून जरा बाजूला. अशोकाची पत्नी देवी ही विदिशाच्या श्रेष्ठीची, म्हणजे बड्या व्यापाऱ्याची, मुलगी, आणि त्यांचा मुलगा महेंद्र सिलोनला निघण्यापूर्वी आईला भेटायला इथे आला असं महावंस हा सिलोनचा पाली ग्रंथ सांगतो.

आणखी एक. कठड्याच्या दगडांवर रंधा यांनी सांधे दाखवले, त्याच दगडांवर छोटे छोटे लेख आहेत, शेकड्यांनी. अमक्या गावच्या तमक्याचं दान. भिक्षू, भिक्षुणी, व्यापारी, गृहिणी. हा दगड एकीचा, पलीकडचा दुसऱ्याचा. बायकांची नावं ठायी ठायी आहेत. 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेपला या लेखांचे ठसे मिळाले. बहुतेक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात हे त्याच्या लक्षात आलं, त्याने ती "दानं" अशी वाचली आणि तिथून ब्राह्मी लिपी उलगडली. अशोकाचे शिलालेख आज आपण वाचतो ते या दगड देणाऱ्या साध्या माणसांमुळे. तोरणांवर काही ठिकाणी शापही कोरलेत: काकणावातून जो दगडकाम काढून दुसरीकडे नेईल त्याला महापातक लागेल. काकणाव हे सांचीचं तेव्हाचं नाव. 1822 मध्ये कॅप्टन जॉन्सनने खजिन्याच्या आशेने मोठा स्तूप वरून खालपर्यंत फाडला, पश्चिम तोरण आणि कठड्याचा काही भाग त्यातच कोसळला. हे वाचताना मला आजही संताप येतो. 1912 ते 1919 पुरातत्त्व खात्याचा प्रमुख जॉन मार्शलने जागा सावरली, त्याला भोपाळच्या बेगमांनी पैसा दिला. घुमटाचा नैऋत्येकडचा भाग तेव्हा उतरवून नव्याने रचावा लागला.

रंधा:

पाली प्रेमी, शाईचं अक्षर मला माहीत नव्हतं. आभार.

ताई, आईंच्या पहिल्या प्रश्नाचं. त्या काळात इथे बुद्धाला माणसाच्या रूपात कोरत नव्हते. झाड, रिकामं आसन, चक्र, पावलं, छत्र, यांतून तो आहे हे समजून घ्यायचं. पूर्व तोरणाच्या मधल्या तुळईवर महाभिनिष्क्रमण, म्हणजे सिद्धार्थाने घर सोडलं तो प्रसंग, आहे. डावीकडे कपिलवस्तू, तिथून घोडा बाहेर पडतो. घोड्यावर कोणी नाही, पण वर छत्र धरलंय. तोच घोडा पुढे पुन्हा पुन्हा कोरलाय, म्हणजे प्रवास चाललाय. उजव्या टोकाला पोचल्यावर छत्र मोठ्या पावलांवर दिसतं. सिद्धार्थ उतरला. मग खालच्या अंगाने घोडा परत फिरतो, आणि आता त्याच्यावर छत्र नाही. आईंना बोट दाखवून फक्त छत्र कुठे कुठे आहे ते बघायला सांगा, सगळी गोष्ट कळेल. उत्तर तोरणाच्या खांबावर माकड मधाचं भांडं घेऊन आलंय, तिथेही समोर झाड आणि आसन आहे. त्याच तोरणाच्या सर्वांत खालच्या तुळईवर वेस्संतर राजपुत्र रथ, घोडे, मुलं सगळं देऊन टाकतो ती जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची गोष्ट, आहे, पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजूंना मिळून.

फिरताना एक गोष्ट आपोआप घडेल. तोरण आणि कठड्याचं दार एका रेषेत नाहीत. तोरणातून शिरलं की समोर कठडा येतो आणि डावीकडे वळावं लागतं. वळलात की स्तूप उजव्या हाताला, म्हणजे प्रदक्षिणा बरोबर दिशेने सुरू. चारही दारांना हीच योजना आहे. खांबांची शीर्षं बघत चला: उत्तर आणि पूर्वेला हत्ती, दक्षिणेला सिंह, पश्चिमेला पोट सुटलेले बुटके गण, सगळा भार डोक्यावर घेऊन. अच्छावडच्या नागपिय नावाच्या सावकाराचं नाव पूर्व आणि पश्चिम अशा दोन तोरणांवर आहे, त्यावरून चारही तोरणं थोड्याच वर्षांच्या अंतराने झाली असं मानतात.

सांचीहून आल्यावर कधी पुण्याकडे आलात तर आईंना कार्ल्याला न्या, मात्र तिथे पायऱ्या आहेत, गुडघ्यांचं बघून ठरवा. सांचीत जे लाकूड फक्त दगडात उरलंय ते कार्ल्यात खरंखुरं आहे. चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत आणि आतल्या स्तूपावरचं छत्र लाकडाचं आहे, त्या काळापासूनचं. तिथल्या दर्शनी भागावर धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराचा लेख आहे, दार त्याने केलं असा. मी तिथे गेलो की आधी त्याच्या नावापाशी जातो.

संत्रानगरी:

सगळ्यांचे खूप आभार. आईने कॅलेंडर काढून नोव्हेंबरचा शेवटचा रविवार गोल केलाय. डिसेंबर रद्द. आदल्या दिवशी, गर्दी वाढायच्या आत, सकाळी स्तूप फिरून घेऊ आणि रविवारी विहारात दर्शन. विदिशाला मुक्काम बरा की भोपाळलाच? कोणी त्या दिवसांत राहिलं असेल तर सांगा.

वाट_वाकडी:

त्या दिवसांत सांचीतली राहायची ठिकाणं आधीच भरतात. विदिशा जवळ आहे, आईंना कमी दगदग होईल. शनिवारी दुपारी वेळ उरला तर विदिशाजवळच हेलिओडोरस या ग्रीक राजदूताचा गरुडस्तंभ आणि उदयगिरीची वराहमूर्ती आहे, गाडीतून उतरून फार चालावं लागत नाही. रेल्वेचं आरक्षण मात्र आत्ताच करून टाका.